प्रभाकररावांची परवानगी

प्रभाकररावांनी जन्मभर एकच काम केलं, लोकांना अडवायचं. एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकावर ते चौकीदार होते. भेटायची वेळ संपली की कोणी कितीही ओळखी सांगा, गृहस्थ हलायचा नाही. पिपरी मेघेत त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एक आहे. तरी माझ्या बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी त्यांनी मला फाटकावर थांबवून "कोनाले भेटाचं हाये?" असं विचारलं होतं. त्याचा राग मला अजून आहे.

अशा माणसानं रिटायर झाल्यावर कारंज्याकडे, पार जंगलाच्या कडेला वावर घेतलं. गावाचं नाव सांगत नाही, उगाच लोक चहासाठी जातील. "आता आपल्या हद्दीत आपल्याले इचारल्याशिवाय पाखरू येनार नाई," असं त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. बापड्याची हौस तेवढीच होती.

पहिल्याच दिवशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून त्यांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी डबा उघडला, तर समोरून तानबा नावाचा म्हातारा बकऱ्या घेऊन वावरातून सरळ आरपार गेला. जाताना भाजीकडे पाहून "वांगे दिसून राह्यले" एवढं म्हणाला. त्याच्यामागून गावातल्या आनंदाबाई सरपणाची मोळी घेऊन गेल्या. मग चक्क एक बँड गेला. वाजवत नव्हते, पुढच्या गावच्या लग्नाला निघाले होते, पण ढोल डोक्यावर घेऊन प्रभाकररावांच्या तुरीतून गेले. मालक उभा, आणि कोणी त्याला ओळखही दाखवेना.

त्यांनी वाटेवर बोराटीच्या काट्या टाकल्या. गावचे लोक मोठे शिस्तीचे. काट्या बाजूला सारायचे, पलीकडे जायचे आणि पुन्हा होत्या तशा लावून ठेवायचे. मग 'परवानगीशिवाय आत येण्यास सक्त मनाई' असा बोर्ड लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कोणाचं तरी धोतर वाळत होतं.

त्यात प्रफुल्लनं तेल ओतलं. हा त्यांचा भाचा, नागपूरला वकिली शिकतो. "मामाजी, लोकं असेच बिना परवानगीनं जात राह्यले, तर वहिवाटीचा हक्क लागते. मंग तुमाले रस्ता बंदच करता येनार नाई. पन तुमच्या परवानगीनं जात असतील तं हक्क लागत नाई."

प्रभाकररावांची झोप उडाली. आपली जमीन लोकांच्या पायांखालून निघून चालली, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. लोक परवानगी मागत नाहीत ना? मग आपणच देऊन टाकायची! तीस वर्षं फाटकावर काढलेल्या माणसालाच असलं काही सुचू शकतं.

त्या रविवारी मी सोबत गेलो होतो. तानबा दिसताच प्रभाकरराव हात आडवा करून उभे राहिले.

"थांबा. मी तुमाले परवानगी देतो."

"कायची जी?"

"इथून जायाची."

"मी तं जाऊनच राह्यलो."

"आता माया परवानगीनं जा."

तानबा विचारात पडला. इतकी वर्षं नुसतं चालत होता, त्यात असं काही लागतं हे त्याला माहीत नव्हतं. तेवढ्यात सुलोचनाबाई उठल्या. "मानसाले थांबवलं अन् च्या नाई पाजला, असं कुठं असते का?" झालं. चुलीवर भगोनं चढलं. आणि दिलेल्या चहाला नाही म्हणणं त्या भागात कोणाला जमत नाही. तानबा बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्याला. तोवर बकऱ्यांनी तुरीच्या दोन ओळी साफ केल्या. एरवी त्या तोंडही न लावता पार व्हायच्या.

असं रोज चाललं. जो येईल त्याला परवानगी, परवानगी मिळाली की चहा. सुलोचनाबाई म्हणाल्या, "हास्पिटलात तरी ड्युटी संपत होती तुमची!"

आणि एक दिवस माणसं यायची बंद झाली. बकरी नाही, मोळी नाही, कोणी नाही. प्रभाकररावांना हवं होतं तेच झालं. पहिल्या दिवशी ते मिशीत हसले. दुसऱ्या दिवशी वाटेकडे पाहत बसले. तिसऱ्या दिवशी मला फोन, "लोक कुठं मेले बे?"

आम्ही दोघं त्याच पायवाटेनं गावाकडे निघालो. वाट पुढे आनंदाबाईंच्या वावरातून जाते. त्या कापूस वेचत होत्या. प्रभाकरराव धुऱ्यावर थबकले आणि अदबीनं म्हणाले, "बाई, येऊ का आत?"

आनंदाबाईंनी कमरेवर हात ठेवला. "काऊन? रस्ता दिसत नाई का?"

"दिसते. पन तुमची परवानगी..."

"आग लागो त्या परवानगीले!" बाई अशा काही उखडल्या की मी दोन पावलं मागे सरलो. "तुमच्यापायी सारं गाव नाल्याकडून फेरा घेऊन राह्यलं. थांबवता काय, बसवता काय, च्या पाजता काय! मोळी घेऊन चाललेल्या बाईनं रोज उठून पाहुनी होयाचं का? आमी तं तुमाले गावातलेच समजून जात होतो. घरच्या मानसाले कोनी इचारते का?"

मला वाटलं, आता हे भांडणार. पण प्रभाकररावांचा चेहरा एकदम उतरला आणि डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर ज्यानं त्यानं त्यांना विचारूनच आत पाय टाकला होता. आपलं समजून कोणी आलं नव्हतं, मीसुद्धा नाही. फाटकावरचा माझा राग मला त्या क्षणी फार क्षुल्लक वाटला, पण गेला मात्र नाही.

"बाई, गावात सांगजा," ते कसेबसे म्हणाले, "च्या बंद झाला म्हनून."

पुढच्या रविवारी आम्ही कडुलिंबाखाली खाटेवर पडलो होतो. तानबा आला. जरा घाबरतच त्यानं खाटेकडे पाहिलं. प्रभाकररावांनी घट्ट डोळे मिटून घोरायला सुरुवात केली, अगदी खोटं. तानबानं माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्याला, आमच्या डब्यातला कांदा उचलला आणि चालू लागला.

तो लांब गेल्यावर प्रभाकररावांनी एक डोळा उघडला.

"पाह्यलं का?" ते मला म्हणाले. "एका शब्दानं इचारलं नाई!"

एवढ्या आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.