निसटला की सोडला

"मारूक कोणाकय येता, मास्तर. पडूक येवंक जाय," असं म्हणत आमचे शेजारी व्हीसीआरचं बटण दाबायचे आणि पडद्यावरचा पैलवान हवेतच अडकवून ठेवायचे. मग टीव्हीजवळ जाऊन त्या लटकलेल्या माणसाच्या गळ्याशी बोट न्यायचे. "हनुवटी बघा. छातीक लावल्यान. आता पाठीर पडतलो, मान शाबूत." पुन्हा बटण. पैलवान धाडकन पाठीवर पडायचा, आणि हे स्वतः वाचल्यासारखा श्वास सोडायचे.

ते बार्जवर इंजिन सांभाळायचे. डिचोलीच्या खाणींचं खनिज नदीतून मुरगाव बंदरात न्यायचं आणि तिथे उभ्या असलेल्या जपानी बोटीत रिकामं करायचं, ही त्यांची नोकरी. अशाच एका बोटीवरच्या खलाशाशी त्यांची मैत्री जमली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. निघताना त्या खलाशाने त्यांच्या हातात जपानी कुस्त्यांच्या सात कॅसेटी ठेवल्या. इथल्या कुठल्याच यंत्रावर त्या धड चालेनात, चित्र नुसतं वर पळायचं. माझा भाऊ कुवेतहून आला तेव्हा त्याने आणलेल्या, परदेशी कॅसेटीही चालवणाऱ्या व्हीसीआरवर त्या लागल्या, आणि त्यांचा रविवार आमच्या घरचा झाला. मूळचे ते म्हापशापलीकडच्या, नदीकाठच्या चोपड्याचे. नोकरीसाठी आमच्या वाड्यावर खोली घेऊन एकटेच राहत.

ते दिवस मराठी की कोंकणी या भाषेच्या भांडणाचे. मी मराठी शाळेचा मास्तर, आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, कट्टर कोंकणीवाला. सकाळी तो माझ्या दारात पाव ठेवायचा तो तोंड फिरवून. पण रविवारी दुपारी आम्ही एकाच बाकड्यावर बसायचो. पडद्यावरचा माणूस जपानीत ओरडायचा, ते कोणालाच कळत नसे, त्यामुळे सगळ्यांचीच सोय होती.

एकदा पोदेर म्हणाला, "हें सगळें फटीचें. कोण जिखतलो तें आदींच थारिल्लें आसता."

कुस्त्या खोट्या, निकाल आधीच ठरलेला, हे ऐकूनही ते रागावले नाहीत. "दशावतारात संकासुर मरता, तो काय खरो मरता? तरी तू बघूक बसतंस मां? मग तो कसो मरता ता बघ."

त्यांचे गुण आण्यांत असायचे. ही बारा आण्यांची कुस्ती, ती नऊ आण्यांची. एकीला साडेपंधरा होते, आणि आमचा खरा वाद तिच्यावरच. पुरी साठ मिनिटांची कुस्ती, शेवटी बरोबरीत सुटलेली. नावं वाचता येत नसल्यामुळे वयस्काला आम्ही काळो म्हणायचो आणि तरुणाला निळो, त्यांच्या चड्ड्यांवरून. चाळीस मिनिटं झाल्यावर काळा निळ्याचा पाय धरून पिळतो. दोराला हात लागला की पकड सोडावीच लागते, म्हणून निळा कोपरांवर सरपटत दोरापर्यंत जातो, आणि दोर हाताला लागायच्या क्षणभर आधी काळ्याचे हात सुटतात.

"सोडला," मी म्हणायचो. "पोराचा पाय मोडेल म्हणून दया आली."

"निसटलो! सोडलो म्हणशात तर त्या पोरान चाळीस मिनटां काय केल्यान? तेची मेहनत तुमी म्हाताऱ्याक देतात, मास्तर."

"मग अर्धा आणा कशाला कापलात?"

"सोळा दिले तर भांडप कित्याक?"

दोन पावसाळ्यांत कॅसेटींवर पांढरी बुरशी धरली. नेमकी तीच कॅसेट यंत्रात अडकून तुटली. पुरावा गेला, वाद राहिला. त्यांना प्रत्येक मिनिट पाठ होतं. कितव्या मिनिटाला कोणी कोणता हात बदलला, ते सांगायचे. दहा वर्षांत मी हा वाद एकदाही जिंकलो नाही.

निवृत्त होऊन ते चोपड्याला गेले. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी म्हापशाला बस बदलून त्यांच्याकडे जायचो. आधी ते बार्जचं नाव विसरले. मग एक दिवस बाजाराला म्हणून निघाले आणि फेरीबोटीत जाऊन बसले. ती या काठावरून त्या काठाला जात-येत राहिली आणि हे उतरलेच नाहीत. संध्याकाळी फेरीबोटवाल्याने ओळखून घरी पोचवलं.

त्या खेपेला त्यांच्या बायकोने मला अंगणात थांबवलं. "मास्तर, तुमी तेंच्याकडे भांडा. औषधान काय एक जायना. तुमी भांडतात तेव्हां ते पयलेसारखे जातत."

मी आत जाऊन म्हटलं, "काळ्याने सोडला."

ते ताठ झाले. "निसटलो!" आणि मग अर्धा तास कोपरं, दोर, मिनिटं. ती चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली. चहा निवला तरी तिने पुढे केला नाही.

त्यानंतर मी बसमध्ये मुद्दे जुळवत जायचो, उद्याचा धडा तयार करावा तसे. कधी त्यांच्या नऊ आण्यांच्या कुस्तीला मुद्दाम सोळा द्यायचो. हळूहळू अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली, मग एखादंच वाक्य, मग नुसतं हसू.

शेवटी एका दुपारी मी म्हटलं, "काळ्याने सोडला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी मास्तर. तुमी सांगतात तशाच आसतला."

"नाही हो! निसटला तो!" मी ओरडलोच. "चाळीस मिनिटं त्याने मार खाल्ला, कोपरांवर सरपटत गेला! म्हाताऱ्याला कसलं श्रेय देता?" त्यांचे सगळे मुद्दे मी त्यांच्याच आवेशात मांडले. पाहुण्याचं बोलणं ऐकावं तसे ते अदबीने मान हलवत ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "बरी दिसता कुस्ती. खंय बघलात तुमी?"

मी बाहेर आलो. त्यांची बायको नदीवरून खुबे, म्हणजे खायचे शिंपले, काढून येत होती, लुगड्याचा काठ भिजलेला.

"थंयसर नदीर आयकूक येतालो," ती म्हणाली. "तुमचोच आवाज. तेंचो नाय येलो."

तिने ओंजळभर खुबे धुऊन माझ्या पिशवीत घातले आणि बस चुकेल म्हणून मला लगबगीने वाटेला लावलं.

ते वारेपर्यंत मी जात राहिलो. भांडायला मात्र तिने मला पुन्हा कधी सांगितलं नाही.