कामेनोवच्या बर्फावरची ब्लँकेटं

ओताकार हुदेचेकने आयुष्यात एकदाच फुशारकी मारली, तीही क्लबच्या अध्यक्षांपुढे, दहाबारा माणसं ऐकत असताना. एरवी आमच्या स्टेडियमचा बर्फ राखणारा हा ओता दिवसाला मोजून वीस शब्द बोलणार, आणि त्यातले निम्मे बर्फाशी. मी त्याच स्टेडियमच्या दारात सत्तावीस वर्षं सॉसेज भाजते नि बिअर ओतते, म्हणून हे खात्रीने सांगते.

झालं असं, की गेल्या वसंतात आमचा संघ लीगमध्ये इतका वर गेला की युरोपातल्या क्लबांच्या, बर्फावरच्या हॉकीच्या स्पर्धेत आमचं नाव लागलं. मोठ्या शहरांना या स्पर्धेचं काही कौतुक नाही. मंगळवारी स्वीडनमध्ये खेळा, बसमध्ये वीस तास अंग आखडून परत या, शुक्रवारी लीगचा सामना आहेच. त्यांच्या हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. पण आम्ही नऊ हजार वस्तीचे लोक. आमच्याकडे बाहेरून येऊन-जाऊन कोण येतं, तर तपासणी अधिकारी. फिनलंडचा नावाजलेला संघ कामेनोवला येणार म्हटल्यावर न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच.

गटातला घरचा सामना एकच, आणि तो सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी. तेव्हा आमच्याकडे लोक नदीत पोहत असतात. स्टेडियम माझ्याहून म्हातारं, छप्पर आहे पण भिंती वरच्या बाजूने उघड्या. अध्यक्ष शिमेक माझ्या काउंटरपाशी उभे राहून म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण नको. सामना ब्रनोच्या हॉलमध्ये हलवू. तिथे सगळी सोय आहे."

"बर्फ धरेल," ओता म्हणाला.

"उन्हाळ्यात? युरोपचे लोक बघायला येणार आहेत, ओता."

"सामना इथेच पुरा होईल, साहेब. शब्द देतो. नाही झाला तर दुसऱ्या दिवशी माझ्या किल्ल्या तुमच्या टेबलावर असतील."

 स्टेडियमच्या त्या किल्ल्या त्याच्याकडे एकतीस वर्षं होत्या. लोक पांगल्यावर मी त्याला धरला. "काय रे, रम पाजली का कुणी तुला? कशाला नसती जोखीम अंगावर घेतलीस?"

तो हातातला मग फिरवत राहिला. "द्राहाला ब्रनोला कशी नेऊ, व्लास्ता?"

 द्राहोमिरा त्याची बायको. एके काळी तिकीटखिडकीवर बसायची आणि सामना सुरू झाला की खिडकी बंद करून आत येऊन असं ओरडायची, की परगावचे पंचही तिला नावाने ओळखत. ओता तेव्हा संघात होता. गुडघा फुटला, खेळणं सुटलं, तेव्हा तिनेच त्याला म्हटलं म्हणे, "वर उभं राहता येत नाही ना? मग खालून सांभाळ बर्फ." तीन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. गाडीत दहा मिनिटं बसवलं की तिला गरगरतं. घर मात्र स्टेडियमच्या समोर, रस्ता ओलांडला की झालं. तिची एकच इच्छा होती आणि ती साऱ्या गावाला पाठ होती: बाहेरच्या देशाचा एखादा खरा संघ आपल्या बर्फावर हरताना बघायचा.

ऑगस्टच्या शेवटी ओताने पाणी सोडायला सुरुवात केली. बर्फ एकदम होत नाही. फवारा मारायचा, गोठू द्यायचं, पुन्हा फवारा. पहिल्या थरात तो घोटभर स्लिवोवित्से, आमची आलुबुखाराची दारू, ओततो, मग कुणाला पाय ठेवू देत नाही. या खेपेला तो घरी फक्त द्राहाला उठवायला-बसवायला जायचा. बाहेर एकतीस डिग्री ऊन होतं.

सामन्याच्या आधीच्या रविवारी मी सूप घेऊन बर्फ गोठवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले, तर हा डोकं धरून बसलेला. शेजारी त्याचा खुणा केलेला खिळा पडला होता. बर्फाला भोक पाडून त्याने तो जाडी मोजतो.

"साडेपाच सेंटिमीटर झालाय," तो म्हणाला.

"छान की. जाड बर्फ टिकेल."

"असंच मलाही वाटलं. काल शिकायला आलेल्या पोराला वाटावं तसं." तो हसला, पण ते हसणं बघवेना. "पाईप खाली असतात, व्लास्ता. थंडी खालून येते. साडेतीनच्या वर गेलं की वरचा थर म्हणजे लोणी. जन्मभर दुसऱ्यांना हे सांगत आलो. आणि ऊन बघून घाबरलो, नि रोज रात्री एक थर वाढवत गेलो."

"अति तिथे माती," मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

त्याने रविवार, सोमवार रोल्बा चालवली. रोल्बा म्हणजे बर्फ खरवडत जाणारी आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडणारी आमची गाडी. पातं बोथट होईपर्यंत खरवडलं तरी बर्फ साडेचारच्या खाली येईना. मग एकच उपाय उरला: सगळे कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालवायचे. मंगळवारी सकाळी बर्फ वाजवला तर दगडासारखा घट्ट. स्पर्धेच्या निरीक्षक बाई, स्वित्झर्लंडच्या एग्ली, हातात थर्मामीटर घेऊन फिरल्या आणि मान डोलावली. मला हायसं वाटलं. ओताला वाटलं नाही. तो आभाळाकडे बघत होता.

चारला पावसाची सर आली, पंधरा मिनिटांची, आणि मागोमाग पुन्हा ऊन. सगळं गाव वाफाळलं.

त्यात अध्यक्षांनी भलतंच फर्मान काढलं होतं. आमच्या पायऱ्या काँक्रीटच्या, म्हणून कामेनोवचा माणूस स्टेडियमला निघाला की काखेत ब्लँकेट असतंच, मग सप्टेंबर असो की जानेवारी. अध्यक्ष म्हणाले, "टीव्हीवर खेडवळ दिसतं. दारातच काढून घ्या." रखवालदारांनी तीनशेच्या वर ब्लँकेटं गोळा केली आणि ती कुठे टाकावीत? माझ्या कोठीत! बिअरची पिंपं काढायला मला डोंगर चढावा लागत होता. शिव्या दिल्या, कुणी ऐकल्या नाहीत. एकच ब्लँकेट आत गेलं. ओताने द्राहाची चाकाची खुर्ची ढकलत कठड्याला टेकवली, तिच्या गुडघ्यांवर लाल चौकड्यांचं ब्लँकेट होतं. रखवालदाराने हात पुढे केला. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने हात मागे घेतला.

सामन्याच्या तीन भागांतला पहिला एक-एक सुटला. दुसऱ्या भागात आम्ही दोन-एकने पुढे गेलो आणि द्राहाने अर्ध्या तोंडाने अशी आरोळी ठोकली की माझ्या हातून मोहरी सांडली. तेवढ्यात मला ते दिसलं. खेळाडूंच्या घोट्यांशी पांढरं काहीतरी लोळत होतं, सूपच्या पातेल्यावर वाफ धरते तसं. बर्फ फार थंड, वर चार हजार माणसांचे श्वास आणि पावसाची ओल. धुकं धरलं होतं.

तिसऱ्या भागात ते कमरेपर्यंत आलं. फिनिश संघाने बरोबरी केली. मग त्यांचा एक फटका धुक्यातून आला, तो आमच्या गोलरक्षकाला, रादिमला, पाठीमागे जाळी हलल्यावरच कळला. तीन-दोन. अकरा मिनिटं उरली असताना पंचांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. समोरच्या बाजूची माणसं दिसत नव्हती.

एग्लीबाई खाली आल्या. मी तरुणपणी चार वर्षं ऑस्ट्रियात, लिंत्समध्ये स्वयंपाकघरात काढली, मला जर्मन येतं, म्हणून मला काउंटरवरून ओढत नेलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "पंधरा मिनिटं देते. या गोलपासून त्या गोलपर्यंत दिसलं नाही तर सामना इथेच संपला."

म्हणजे पाहुणे जिंकले, सामना अर्धाच राहिला आणि ओताच्या किल्ल्या टेबलावर. फिनिश प्रशिक्षक हाताची घडी घालून बसला. त्याला कसली घाई?

 ओता मात्र साध्या बुटांनीच बर्फावर उतरला. लंगडत मधल्या वर्तुळापर्यंत गेला आणि एकतीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता असा आवाज काढला.

"ब्लँकेटं आणा!"

म्हाताऱ्यांना लगेच कळलं. छप्पर नवं होतं त्या काळी असं धुकं धरायचं, तेव्हा माणसं ब्लँकेटं घेऊन बर्फावर गोल फिरायची आणि धुकं हाकलून बाहेर काढायची. पण कुणाकडे ब्लँकेट होतं कुठे? अध्यक्ष कठड्यावरून ओरडले, "ओता, अरे टीव्ही चालू आहे!"

"साहेब, टीव्हीला आत्ता दिसतंय तरी काय?"

तेवढ्यात काहीतरी लाल बर्फावर येऊन पडलं. द्राहाने गुडघ्यांवरचं ब्लँकेट डाव्या हाताने ओढून फेकलं होतं. आता तिचे बारीक झालेले पाय सगळ्यांना दिसत होते. तीन वर्षं ती ते कुणाला दिसू देत नव्हती.  मी धावत जाऊन कोठीचं दार उघडलं आणि जे समोर आलं त्याच्या अंगावर ढीग फेकत सुटले. "पुढे द्या! घड्या कसल्या घालताय, म्हशींनो, पुढे द्या!"

हातोहात ब्लँकेटं खाली गेली. आमची पोरं दोघं-दोघं मिळून एक ब्लँकेट ताणून धरत आणि मोठ्या फाटकाच्या दिशेने धुकं ढकलत घसरत जात. एक फेरी, दोन फेऱ्या. धुकं जागचं हलायचं आणि मागे परत भरायचं. बावीस पोरं, केवढं ते मैदान! लाल ब्लँकेट ओताच्या पायाशीच पडून होतं, दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. बाईंनी दिलेल्या पंधरातली आठ मिनिटं राहिली.

तेव्हा फिनिश संघाचा गोलरक्षक उठला. दाढीवाला, कपाटाएवढा गडी. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला झापलं, त्याने खांदे उडवले. आला, लाल ब्लँकेटचं एक टोक उचललं आणि दुसरं रादिमच्या हातात दिलं. मग त्यांचे आणखी चौघं आले, मग सगळेच. छपराखालून संध्याकाळचं ऊन आत आलं आणि पलीकडच्या पायरीवर बसलेल्या पाद्र्याचं टक्कल दिसलं. लोकांनी त्या टकलासाठी टाळ्या वाजवल्या.

पण बाई फसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मला ओताला विचारायला लावलं, "धुकं परत येईल का?"

तो 'नाही' म्हणू शकत होता. मी तसं भाषांतर करायला तयारही होते. ओता म्हणाला, "यंत्रं चालू ठेवली तर येईल. बंद केली तर येणार नाही, पण बर्फ मऊ पडेल. मी तो जाड केला. चूक माझी आहे."

"हे सगळं सांगू?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"सगळं."

सांगितलं. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मऊ पडेपर्यंत किती वेळ?"

"अर्धा तास. पस्तिसावं मिनिट माझं नाही."

"खेळा," बाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा धुकं धरलं की मी थांबवणार."

यंत्रं बंद झाली. सत्तावीस वर्षं कानात असलेली घरघर थांबल्यावर मला दचकायला झालं. अकरा मिनिटांचा खेळ, पण शिट्ट्या धरून तेवढाच अर्धा तास. आमची पोरं तुटून पडली. रादिमने दोन अडवले, त्या दाढीवाल्याने चार. ओता खेळ बघतच नव्हता. तो चारही कोपऱ्यांकडे बघत होता. शेवटची पाच मिनिटं खेळायची चकती अडखळायला लागली, बर्फावर नांगरटीसारख्या रेघा उठल्या. दोन मिनिटं असताना डाव्या कोपऱ्यात पांढरं वर आलं. पंचांची मान तिकडे वळली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या कोपऱ्यातल्या सगळ्या बाया उठल्या आणि कठड्यावरून ब्लँकेटं झोडपायला लागल्या, गादीतली धूळ झाडावी तशा. मी एग्लीबाईंचा हात बघत होते. तो हात वर गेला नाही.

भोंगा वाजला. तीन-दोन. आम्ही हरलो होतो.

ओता सरळ अध्यक्षांकडे गेला आणि किल्ल्यांचा जुडगा पुढे धरला. "बर्फ मी बिघडवला, साहेब."

अध्यक्षांच्या खांद्यावर कुणाचंतरी हिरवं ब्लँकेट होतं, त्यांना त्याचं भानही नव्हतं. "शब्द सामना पुरा करण्याचा होता," ते म्हणाले. "झाला. ठेव त्या खिशात."

फिनिश गोलरक्षकाने जाता जाता लाल ब्लँकेट झटकलं आणि द्राहाच्या गुडघ्यांवर नीट पसरून दिलं. ओता तिच्याजवळ गेला. तो घामाने आणि बर्फाने भिजला होता. खाली मान घालून म्हणाला, "दिसलं का गं शेवटचं?"

द्राहाने बराच वेळ शब्द जुळवले. मग अर्ध्या तोंडाने, पण सगळ्या कठड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "गाढवा, मला ते हरताना बघायचे होते. आता पुढच्या वर्षीपर्यंत जगावं लागणार."

ओताने तिची खुर्ची वळवली आणि तिला घरी घेऊन गेला.