सलीमनं बसवलेला वॉल

हे मी बायकोलाही सांगितलेलं न्हाई. सांगणार तरी कसं — जीप तिच्याच भावाची होती.

अहमदपूरला माझं गॅरेज हाय. समोरच सलीमचं होतं. आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, एका ताटात जेवलो. उस्ताद मला म्हणायचे, "तुझा हात चांगला हाय." अन् सलीमला? त्याला काहीच म्हणायचे न्हाईत. बिघडलेल्या गाडीकडं नुसतं बोट दाखवायचे अन् बिनघोर निघून जायचे. तेव्हापासून माझ्या पोटात दुखत राहिलं. त्यानं माझं काही वाकडं केलं होतं का? न्हाई. मला गिऱ्हाईक कमी होतं का? तेही न्हाई. पण त्याच्या दारात गाडी उभी दिसली की मला घास गोड लागायचा न्हाई. हसू नका. जळणारा माणूस असाच असतो.

माझा मेहुणा बालाजी जीपमधून सवाऱ्या नेतो. ती जीप सपाटीवर झकास पळायची अन् कंधारच्या वाटेवर चढ लागला की तापायची, काटा थेट लालमधी. आधी माझ्याकडंच आणली होती. मी रेडिएटर धुतला, पट्टा ताणला, पाण्याचा पंप बदलला. चढ आला की पुन्हा तेच! एक दिवस बघतो तर काय — जीप सलीमच्या दारात. सख्खा मेहुणा माझा, अन् गेला कुणाकडं? वर बायको म्हणते, "जाऊ द्या की, सलीमभाईला कळतंय त्यातलं." म्हणजे मला कळत न्हाई?

सलीम पाना हातात घ्यायच्या आधी गाडी स्वतः चढावर नेऊन आणायचा. तशी आणली अन् वरचा पाइप काढून बघितला, तर आत थर्मोस्टॅट वॉलच न्हाई — पाणी कुठं वळवायचं ते ठरवणारी झडप. कुणी काढला होता? मीच. आमच्याकडं रीतच हाय ती — उन्हाळा लागला की वॉल काढून फेकायचा, इंजिन थंड राहतं म्हणायचं. उस्तादही काढायचे. पण त्या इंजिनाला ते चालत न्हाई. वॉल नसला की बरंचसं पाणी रेडिएटरकडं न जाता इंजिनातल्या इंजिनातच फिरतं. सपाटीवर निभून जातं, चढावर उकळतं. सलीमनं नवा वॉल बसवला. जीप आरामात चढली, अन् बालाजी चहाच्या टपरीवर ज्याला त्याला सांगत सुटला. मी तिथंच बसलो होतो.

आता ते सांगायचं — जरा थांबा. सांगतो.

पुढं बालाजीनं ब्रेकच्या कामासाठी जीप माझ्याकडं आणली अन् तो घरात बहिणीशी बोलत बसला. मी ब्रेक केले. मग बॉनेट उघडलं. वॉल काढला, पाइप होता तसा बसवला, पाणी भरलं. रागाच्या भरात केलं म्हणू? न्हाई. शांतपणे केलं. पाणी गळून कुणाला कळू नये म्हणून पॅकिंगसुद्धा नवं लावलं.

थोड्याच दिवसांत बालाजी सोयरीकीची माणसं घेऊन निघाला अन् चढावर जीपनं उकळी मारली. म्हाताऱ्या बाया भर उन्हात रस्त्यावर. बालाजीनं जीप ओढून आणली ती सरळ सलीमच्या दारात. सारी गल्ली गोळा झाली. सलीमनं पाइप काढला. आत रिकामं.

"वॉल टाकला म्हणालास अन् टाकलाच न्हाईस? तेव्हा सवाऱ्या कमी होत्या म्हणून चढली! चोर हायस तू!" बालाजी ओरडला.

"अल्ला की कसम, टाकला होता. मधी कुणी हात लावला का?"

"दाजींनी ब्रेक केले. आता दाजींवर आळ घेतोस?"

"तौबा," सलीम म्हणाला. "त्याच्यावर कसा घेईन?"

मी तिथंच उभा होतो. अन् काय केलं मी, माहीत हाय? पुढं होऊन बालाजीला आवरलं. "जाऊ दे," म्हटलं, "होतं एखाद्याकडून." लोक म्हणाले, बघा, किती दिलदार माणूस! मग जीप माझ्या गॅरेजात नेली, वॉल बसवला. जीप चढ चढली. नाव माझं झालं.

सलीम सामान खातो — एवढं एकच वाक्य गावभर फिरलं. गिऱ्हाईक तुटलं. शेवटी त्यानं गॅरेज बंद केलं अन् नांदेडला दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला लागला. जायच्या आधी मला भेटायला आला. म्हणाला, "गावाला म्हणू दे काय म्हणायचं ते. तू तर मला चोर समजत न्हाईस ना?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. दुसरं कुणीच नव्हतं तिथं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणालो, "झालं गेलं सोड. मी तरी तुला माफ केलं."

तो ढसाढसा रडला. माझा हात दोन्ही हातांत धरून शुक्रिया म्हणाला.

अन् मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.