सरकीचा वास

भाकरीचं ताट पुढे सरकवलं की काकू ते पदराने झाकायच्या. “ते जेवले नाई अजून. मी कशी जेवू वं?”

ते म्हणजे काका. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. चिखलीतल्या आमच्या या शेजारीण काकूंच्या डोक्यातून ते साफ पुसलं गेलं होतं. नवऱ्याआधी जेवायचं नाही, जेवायचं ते त्याच्याच ताटात, एवढं मात्र पक्कं होतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नको तेच नेमकं लक्षात राहतं!

बाईची नुसती हाडं उरली. सून रडून दमली, मी ओरडून. “काकू, काका गेले ना!” म्हटलं की त्या नव्याने टाहो फोडायच्या, घटकाभराने विसरायच्या आणि पुन्हा ताट झाकायच्या. डोकं आपटून घ्यावंसं वाटे.

मुलगा मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा कारकून. तो कोट घालून समोर आला की काकू लगबगीने उठत. “बसा साहेब. पोरगा येऊनच राह्यला.” पोटच्या पोराला!

एकदा मी गाईसाठी सरकी भिजवत होते. काकूंनी मूठभर हुंगली आणि लेकाचं लहानपण धडाधड सांगू लागल्या. बाप कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कामाला; त्याच्यामागे तिथे जायचा, सरकीच्या ढिगावर लोळायचा, केसांत रुई घेऊन यायचा. मला वाटलं, सापडली किल्ली!

“भाऊजी, कोट काढा अन् जिनात जाऊन सरकीत लोळून या. माय वळखंन तुमाले.”

“लोक काय म्हणतीन वैनी?”

“लोकांपायी मायले उपाशी मारता काय?”

गेला एकदाचा. संध्याकाळी मळक्या सदऱ्यात, अंगभर रुई घेऊन आला. सरकीचा वास घरात शिरला तशी काकूंनी मान वर केली. चेहरा उजळला. आणि त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“आले काय? किती उशीर केला हो.”

नवरा समजल्या! मी तोंड उघडणार, तोच त्याने हाताने थांबवलं. पाटावर बसून चार घास खाल्ले आणि उठला. त्याच्या उष्ट्या ताटात काकू जेवल्या, पोटभर. तो परसात जाऊन रडला.

मग रोजच कचेरीतून जिनात, जिनातून घरी. त्यावर काकू कापसाच्या पुढच्या वेचणीपर्यंत जगल्या. लेक म्हणून एकदाही ओळखलं नाही. माझी चीड अजून गेलेली नाही. काढू तरी कोणावर?

शेवटच्या दिवशी अंथरुणावरून त्यांनी त्याचा हात धरला.

“अहो, आपलं पोरगं जेवलं काय?”

“जेवलं,” तो म्हणाला.

“मंग झालं,” म्हणाल्या, आणि हात सोडला.