व्हिसाच्या आधी मी केलेली तपासणी

आता स्वतःचीच फजिती स्वतःच्या तोंडाने कशी सांगायची? पण चहा आलाय, तर ऐका!

माझी लेक तन्वी अमेरिकेत शिकायला निघालेली. प्रवेश मिळाला, राहिला फक्त व्हिसा. आणि तिकडचं सरकार काय म्हणतं? सोशल मीडियावरची खाती सगळ्यांना उघडी करा, आम्ही वाचणार!

माझं टाळकंच सटकलं. बातमीदारीत उभी हयात गेली माझी. पालिकेपासून मंत्रालयापर्यंत कुणाशी भांडायचं ठेवलं नाही.

"पोरींचे फोटो चाळणारे हे कोण टिकोजीराव? लेखच लिहितो!"

"बाबा, प्लीज! इंटरव्ह्यू होईपर्यंत एक ओळ लिहायची नाही. माझी सीट जाईल."

दिला शब्द. पण खातं उघडं झालं म्हणजे मलाही दिसायला लागलं ना! म्हटलं, व्हिसावाल्या साहेबाच्या आधी आपणच नजर टाकू. काही वावगं असलं तर? बापाने नाही बघायचं तर कोणी?

तन्वी इंटरव्ह्यूपर्यंत मोबाईल बंद ठेवून अभ्यासाला बसलेली. मी कामाला लागलो. नवख्या बातमीदारांच्या बातम्या तपासताना ओळ खटकली की तिथेच खाली शेरा मारायचा, ही माझी जुनी सवय. इथेही तेच!

पहिला फोटो उत्तनच्या किनाऱ्यावरचा. सुकत घातलेल्या बोंबलांसमोर ती एका दाढीवाल्याबरोबर हसतेय. मी खाली लिहिलं, ‘हा कोण? पूर्ण नाव?’

मागून ही म्हणाली, "अहो, तो तुमच्याच ताईंचा निलेश!"

मग आणखी एक शेरा: ‘दाढी ताबडतोब काढ.’

आमच्या केबिन रोडच्या खड्ड्यावर तिने पालिकेची टिंगल केलेली. ‘पुरावा आहे का? सरकारविरोधी वाटतं. उडव!’

मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या फोटोखाली: ‘ग्लासात काय आहे?’

आणि हे सगळं माझ्या जुन्या सदराच्या नावाने काढलेल्या खात्यावरून, ‘करडी नजर’! फोटोच्या जागी नुसता एक वटारलेला डोळा.

इंटरव्ह्यूहून तन्वी आली ती फाइल टेबलावर आपटतच.

"व्हिसा अडवला ना? सांगत होतो, हेरगिरी आहे ही!"

"बाबा, साहेबाने एकच गोष्ट विचारली."

"सरकारवरची टीका?"

"नाही. म्हणाला, हा डोळेवाला तुमच्या प्रत्येक फोटोखाली दरडावतोय. त्याच्या भीतीने तर तुम्ही देश सोडत नाही ना?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, वडील आहेत माझे. त्याने पुढे काही विचारलंच नाही. 'बिच्चारी' म्हणाला आणि व्हिसा मंजूर केला!"