नोटमध्ये नसलेला शब्द

सर दोन बोटांनी संगणकावरच्या कापडाचा कोपरा उचलायचे, आत डोकावायचे आणि परत सोडायचे. विरजण लागलं का ते बघावं, तसं. मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "आज न्हाय. आज लिवून घ्या."

असे सर तुम्हीही पाहिले असतील. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. प्रत्येक क्लासात एक असा माणूस होता, ज्याने आमच्या आधी एक उन्हाळा संगणक पाहिलेला होता आणि तेवढ्या भांडवलावर तो आमचा गुरू होऊन बसला होता.

आमचा क्लास राजारामपुरीत, एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. चपला जिन्यात काढायच्या, पाय पुसायचे आणि सी प्लस प्लस नावाची संगणकाची भाषा वहीत उतरवून घ्यायची. खाली गिरणी सुरू झाली की दिवे मिणमिणायचे आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. दुसऱ्या कुणी गिरणीवाल्याशी भांडण काढलं असतं. सरांना ती गिरणी वरदान वाटायची. जे उत्तर येत नसे त्याचं खापर ते तिच्यावर फोडत.

मी गडहिंग्लजचा. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला. कसबा बावड्यात खोली घेऊन राहायचो आणि सायकलवरून क्लासला यायचो. मला दोन अक्षरं शिकवणारा प्रत्येक माणूस तेव्हा देवासारखा वाटे. त्यामुळे या देवाचा शेंदूर खरवडायला मला जरा वेळच लागला.

एकदा माझे वडील, अप्पा, संकेश्वरी मिरचीची पिशवी घेऊन क्लासवर आले. आयुष्यभर बाजारात मिरची विकलेला माणूस, पण सरांसमोर हात जोडून उभा राहिला. "सर, पोरगा तुमच्या पदरात घातलाय."

सरांनी पिशवी हुंगली, दोनदा शिंकले आणि म्हणाले, "काळजी सोडा पावणं. नोटमधलं सगळं याच्या डोक्यात भरतो."

त्यांनी शब्द पाळला. जे नोटमध्ये नाही ते कुणाच्याही डोक्यात शिरणार नाही, याचीही त्यांनी तितकीच काळजी घेतली.

ही नोट म्हणजे त्यांची शिकवायची वही. ती त्यांनी कुठून उतरवली होती देव जाणे. पण त्यांचा कायदा एकच होता, "नोटमध्ये न्हाय ते प्रोग्राममध्ये न्हाय." आम्ही कागदावर लिहिलेला प्रोग्राम ते एका हातात नोट धरून, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवरून फिरवत तपासायचे. नोटमध्ये नसलेलं काही दिसलं की लाल रेघ. ते चालतं का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

वारसा, म्हणजे एका वर्गापासून, वस्तूच्या एका साच्यापासून, दुसरा वर्ग काढणं, हे मात्र त्यांनी बऱ्यापैकी शिकवलं. तेवढं मान्य करतो. 'वाहन' हा मूळ वर्ग. त्याच्यापासून बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ट्रक काढायचे. 'पावती' नावाचं फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं काम, चौघांकडेही. वाहनाची पावती गाडीचा नंबर विचारते. बैलगाडीला नंबर कुठला असणार? म्हणून तिची पावती गाडीवानाचं नाव विचारते. मूळ वर्गाकडून मिळेल ते घ्यायचं, जे आपल्याला जमत नाही ते आपल्यापुरतं बदलायचं.

मी हात वर केला. "सर, साखर कारखान्याच्या दारात सगळ्या गाड्या एकाच रांगेत येतात. पुढची कुठली ते आधी ठाऊक नसतं. प्रोग्रामला एवढंच ठाऊक असणार की हे एक वाहन आहे. मग पावती कुणाची निघणार?"

"रांगेत कशाला हुबा ऱ्हातोस?" सर म्हणाले. "थेट जा की!"

वर्ग खो खो हसला. प्रश्न अडचणीचा असला की सर हेच करायचे. प्रश्न विचारणाऱ्यालाच रांगेबाहेर काढायचे.

मी खरोखरच तशी रांग करून पाहिली. एक बैलगाडी, एक ट्रॅक्टर, एक ट्रक. संगणकाने तिघांनाही नंबर विचारला. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "गिरणीनं मशीन दचकलंय. परत चालू कर." परत तेच. "मग मशीन बिघडलंय. मशीनला काय विचारतोस? मला विचार."

उत्तर मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात सापडलं. मूळ वर्गात 'पावती'च्या आधी 'व्हर्च्युअल' हा एक शब्द लिहायचा राहिला होता. तो नसेल तर प्रोग्राम तयार होतानाच ठरून जातं, की हातात वाहन आहे ना, मग वाहनाचीच पावती. तो लिहिला की प्रत्येक गाडीच्या खिशात जणू एक चिठ्ठी पडते, माझी पावती कुठे मिळेल ते सांगणारी. गाडी समोर आली की ती चिठ्ठी वाचायची आणि मग पावती करायची. ही भाषा चिठ्ठी वाचण्याचा एवढासा खटाटोपही तुम्ही सांगितल्याशिवाय करत नाही, म्हणून तो शब्द आपण होऊन लिहावा लागतो.

त्याच सुमारास सरांना जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या पावत्या काढणाऱ्या प्रोग्रामचं काम मिळालं. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. सरांनी रांगेचा माझा प्रोग्राम घेतला आणि म्हणाले, "चाचणी पार पडली की काट्यावर संगणकाला माणूस लागणार. तो तू." मी अप्पांना कळवलं. अप्पांनी गडहिंग्लजच्या अख्ख्या बाजाराला कळवलं. चाचणीच्या आधीच मी नोकरीला लागलो होतो.

प्रोग्रामात मी तो शब्द लिहिलेला होता. सरांचं बोट ओळीओळीवरून फिरत आलं, तिथे थांबलं आणि त्यांनी तो खोडला. मी पुस्तक दाखवलं. त्यांनी ते कापडाच्या कोपऱ्यासारखं दोन बोटांनी उचललं आणि सोडलं. "नोटमध्ये न्हाय." मग क्लासात बसून त्यांनी चाचणी घेतली, मनाला येतील ते नंबर टाकले, पावत्या निघाल्या. निघणारच. क्लासात बैल नव्हता.

हंगामाच्या सुरुवातीला आम्ही काट्यावर गेलो. कारखान्याचा एक कारकून संगणकापुढे बसला, शेजारी काट्याचे साहेब. दोन ट्रक झकास गेले. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग बैलगाडी आली.

"नंबर काय?" कारकुनाने विचारलं.

"कसला नंबर?" गाडीवान म्हणाला.

"गाडीचा. मशीन मागतंय."

"मग मशीनला म्हणावं भाईर ये आणि बघ. म्होरं बैल हाईत, इंजिन न्हाय."

"टाका की कायबी!" सर ओरडले. कारकुनाने गोंधळून स्वतःच्या स्कूटरचा नंबर टाकला. पावती निघाली.

गाडीवानाने ती शेजारच्या ट्रकवाल्याकडून वाचून घेतली. "माझं नाव कुठं हाय ह्याच्यावर? ऊस माझा आणि पावती स्कुटरची व्हय? काटा हाय का तमाशा?" तो गाडी काट्यावरून हलवेना. मागची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली आणि ज्याला कंठ होता तो प्रत्येकजण संगणकाच्या आईबापांची चौकशी करू लागला.

"हे काय चाललंय सर?" साहेबांनी विचारलं.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. मला शपथेवर सांगता येईल, ते सवयीने गिरणी शोधत होते. "कारखान्याचा हादरा बसतोय मशीनला," ते म्हणाले.

मी हळूच म्हणालो, "सर, तो शब्द."

"नोटमध्ये न्हाय!"

साहेबांनी ऐकलं. "कसला शब्द रे पोरा? तुला येतंय का हे दुरुस्त करायला?"

मी सरांकडे पाहिलं. ते उसाच्या मोळ्यांकडे बघत होते. हो म्हणालो तर गुरूची अब्रू जाणार, नाही म्हणालो तर माझी नोकरी. आणि गडहिंग्लजच्या बाजारात अप्पांचं तोंड. मी म्हणालो, "येतंय," आणि खुर्चीत बसलो. शब्द लिहिला. प्रोग्राम पुन्हा तयार केला.

"गाडीवानाचं नाव?" कारकुनाने पडद्यावरचं वाचून विचारलं.

"आत्ता कसं!" गाडीवान म्हणाला आणि त्याने बापाच्या नावासकट, गावासकट, सबंध नाव खणखणीत सांगितलं.

मला वाटलं होतं सर तोंड लपवतील. छे. ते दोन पावलं पुढे आले. "बघितलं का साहेब? आमच्या क्लासचं पोरगं!" इतका निर्लज्ज अभिमान मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

नोकरी मला मिळाली. परतताना एसटीत सर माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "का हुतंय त्ये?" मी उत्साहाने रांग, चिठ्ठी, खिसा असं सांगू लागलो. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला. "का ते ऱ्हाऊ दे. कुठं लिवायचं तेवढं सांग."

त्या दिवशी मी त्यांना मनातून वजा केलं. ज्याला 'का' नको, तो शिक्षक कसला?

पुढे मी पुण्याला एका कंपनीत गेलो. काही वर्षांनी आमच्या गटात हातकणंगल्याची एक मुलगी नवीन आली. तिने लिहिलेला प्रोग्राम माझ्याकडे तपासायला आला. उघडून बघतो तर जिथे तिथे व्हर्च्युअल. गरज असो नसो, प्रत्येक फंक्शनला. लग्नात दिसेल त्याला गंध लावावं, तसं.

"हे सगळीकडे का लिहिलंय?" मी विचारलं.

"आमच्या क्लासात तसंच सांगितलंय, सर. फक्त वस्तू जन्माला घालणाऱ्या फंक्शनला लावायचं नाही. तिथं मशीन ओरडतं."

"क्लास कुठला?"

"राजारामपुरीत. खाली गिरणी होती."

मी हसलो. छद्मीपणे. म्हणजे सरांना 'का' अजूनही कळलेलं नव्हतं. "तुमचे सर कारण नाही सांगायचे?"

"नाही. पण त्या शब्दापाशी आले की नोट खाली ठेवायचे," ती म्हणाली, आणि तिने त्यांचा आवाज काढला. "'ह्यो शब्द माझा न्हाय. गडहिंग्लजच्या एका पोराचा हाय. का ते मला ठावं न्हाय, पर बैलगाडी चालती.' दर बॅचला सांगायचे. आम्हाला वाटायचं, असा कुणी पोरगा नसणारच."

"आता क्लास कसा चाललाय?"

"बंद झाला. सर गेले ना मागच्या वर्षी."

मग तिने विचारलं, "त्या पोराला तरी ठाऊक असेल ना सर, का ते?"

"असेल," मी म्हणालो. "बस. सांगतो."

मी तिला रांग सांगितली, चिठ्ठी सांगितली, बैलगाडी सांगितली. तिने मध्ये हात वर केला नाही. नको तिथले शब्द तिने एकेक करून पुसले.

निघताना तिने पिशवीतून घडी घातलेलं एक कापड काढून संगणकावर पसरलं. आमच्या कार्यालयात असलं कुणी करत नसे. दोन-तीन जण मागून हसले. तिने जाता जाता दोन बोटांनी कापडाचा कोपरा उचलला, आत डोकावली आणि परत सोडला.