मधला स्पीकर

आमच्या घरात होम थिएटर आलं ते हौसेनं नव्हे, वैतागून. टीव्हीचा आवाज इतका मोठा असायचा की शेजारीण एकदा गेटातूनच विचारती झाली, "वहिनी, काल तुमच्यात भांडण झालतं काय?" मी म्हटलं, "आमच्यात न्हाई बाई, मालिकेत झालतं." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

माझ्या नवऱ्याला ऐकू कमी येतं. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आयुष्य गेलं, तेही ग्राइंडिंगला. ओतकामाचे तुकडे घासतानाचा तो आवाज! मी एकदा तिथं काही कामानं गेले होते, तर दारातूनच माघारी फिरावंसं वाटलं. कानात बोळे घाला म्हणून सांगायचे म्हणे, पण घालणार कोण? निवृत्तीनंतर कानाच्या डॉक्टरांनी तपासून यंत्र लावायला सांगितलं. "मी काय म्हातारा झालोय व्हय?" एवढं बोलून यांनी विषय बंद केला तो केलाच.

हा माणूस पूर्वी सिनेमा बघताना एक क्षण गप्प बसायचा नाही. हिरोला शिव्या, व्हिलनला सल्ले, हिरॉइनच्या बापाशी तर थेट वाद. मुलगी आणि ते शेजारी शेजारी बसून नुसता दंगा करायचे. आता ते पडद्याकडं कमी आणि आमच्याकडं जास्त बघायचे. आम्ही हसलो की हसायचे. मग तेही बंद झालं. सिनेमा अर्ध्यावर आला की उठायचे आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. "आई, पप्पा आपल्यातनं उठून चाललेत," मुलगी म्हणाली. मला ते फार लागलं. खरं सांगायचं तर भीती वाटली. घरात असून नसल्यासारखा झालेला माणूस परत आणायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मुलगी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते आणि काम संपलं की त्याच खुर्चीत गेम खेळत बसते. तिनंच रिसीव्हरचा विषय काढला. मी म्हटलं, हा आणि कुठला नवा डबा? तर तिनं सांगितलं, सिनेमा असो नाहीतर गेम, आधी सगळं ह्या डब्यात येतं. कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून सोडायचा ते तो ठरवतो. पाऊस मागून, गाडी डावीकडून उजवीकडं, आणि माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून.

"बोलणं वेगळं निघतं?" मी विचारलं.

"बहुतेक सगळं. आणि मधला तेवढाच वाढवता येतोय."

मी हातातली मेथी तशीच ठेवली. इतकी वर्षं आम्ही रिमोट दाबदाबून बॉम्ब वाढवत होतो, ढोल वाढवत होतो, आणि त्यांच्याबरोबर बोलणंही वाढेल म्हणून वाट बघत होतो! त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तो मधला स्पीकर जो शिरला, तो काही केल्या निघेना. मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. एकात सांगितलं होतं, असे कान गेलेल्यांना 'आ' 'ओ' ऐकू येतं, पण 'स', 'फ', 'थ' असली हलकी अक्षरं गळून पडतात. मी भांडी घासता घासता त्या अक्षरांशिवाय वाक्यं म्हणून बघितली. 'साखर संपली' म्हणायला गेले, तर उरलं 'आखर अंपली'. दिवसभर हा माणूस असलं ऐकून आमच्याशी संसार करत होता.

राजारामपुरीतल्या दुकानात आम्ही तिघं-चौघं गेलो. तिघं-चौघं म्हणजे मी, मुलगी, हे, आणि न बोलावता आलेले माझे दीर. भावजींचं तारुण्य गणपतीच्या मिरवणुकीत साऊंडच्या भिंतीसमोर गेलं, त्यामुळं आवाजातलं आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री. दुकानात पाय टाकल्या टाकल्या ते म्हणाले, "पावणं, छाती हालली पायजे बघा. बाकी काय सांगू नका."

दुकानदार खूश. त्यानं अंधार केला, काचेचं दार ओढलं आणि लावलं. हेलिकॉप्टर काय, इमारती पडतात काय, माझ्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या. भावजी छातीवर हात ठेवून उभे. "आयला! हेच घ्या वहिनी. डोळं झाकून घ्या." आमच्या गावात हीच परीक्षा. ज्या आवाजानं छाती धडधडते तो चांगला, आणि ज्यानं शेजाऱ्याची छाती धडधडते तो उत्तम.

मी दुकानदाराला म्हटलं, "यात माणसं बोलताना दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे माणसं बोलतात की नाही सिनेमात? दोघं जण बसलेत, चहा पितायत, बोलतायत. असलं काहीतरी लावा."

त्याच्याकडं तसलं काही नव्हतंच. युद्ध होतं, वादळ होतं, डायनोसॉर होता. बोलणारी माणसं कुणी मागितलीच नव्हती त्याला आजपर्यंत. शेवटी मुलीनं आपला मोबाईल जोडला आणि एका कौटुंबिक सिनेमातला सासू-सुनेचा प्रसंग लावला. भावजींनी कपाळाला हात लावला. "एवढं मोठं मशीन आणि त्यात सासूबाई ऐकायच्या?"

एकेक रिसीव्हर लावत गेलो. मी यांना मधोमध बसवलं होतं आणि पडद्याकडं न बघता यांच्याच तोंडाकडं बघत होते. एकात आवाज भरदार, पण कपाळावर आठी तशीच. दुसऱ्यात मधला वाढवला तर सासूबाई पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखं वाटायला लागलं. तिसरा दिसायला साधा होता. वॅट कमी म्हणून भावजी त्याच्याकडं बघेनात. त्यात संवाद स्पष्ट करायचं वेगळं बटण होतं, आणि मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणायची सोय होती. सून पडद्यावर काहीतरी पुटपुटली. हे म्हणाले, "ही खोटं बोलाय लागलीय."

मुलीनं माझा दंड असा दाबला की अजून आठवतंय. "पण आई, माझं पण बघायचं हं," असं म्हणून तिनं त्या डब्याची मागची बाजू दिव्याखाली धरली, वेगवान गेमला लागणारी जोडणी आहे का ते तपासलं, बटण दाबल्यावर गोळीचा आवाज यायला वेळ लागतो का ते खेळून बघितलं. मीही शेजारी बसले. मागून कुणाची तरी पावलं वाजली म्हणून वळून दाराकडं बघितलं, तर दारात कुणीच नाही. गेममधला शत्रू होता! मला इतकी मजा वाटली की मी तिला परत ते वाजवायला लावलं. तोच रिसीव्हर ठरला. भावजी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी दुकानातला माणूस स्पीकर लावून गेला. राहिलेलं काम मुलीनं हातात घेतलं. डब्याबरोबर एक छोटा माईक येतो. ऐकणाऱ्याचा कान जिथं असतो तिथं तो ठेवायचा, मग डबा प्रत्येक स्पीकरमधून टुर्र टुर्र आवाज काढतो आणि खोली मोजतो. तेवढा वेळ घरात शांतता हवी. आता आमच्या गल्लीत शांतता आणायची कुठून? तरी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कुकर उतरवला. सोफ्याच्या मधोमध माईक ठेवायला निघालेल्या मुलीला मी अडवलं. म्हटलं, तुझे पप्पा तिथं बसतात का कधी? त्यांच्या खुर्चीवर ठेव. यांना उठवलं, तर यांचं सुरू, "माझ्या जागेवर त्याला कशाला बसवलंय?"

"तुमचा कान तिथं असतो म्हणून!" मी ओरडले. गल्लीला कळलं.

सगळे श्वास रोखून उभे. पहिला टुर्र झाला. एवढ्यात रुसवा सोडून भावजी आत आले, खुर्चीवरचा माईक त्यांना दिसला, आणि आमच्या गावातल्या कुठल्याही माणसानं माईक दिसल्यावर जे केलं असतं तेच त्यांनी केलं. खाली वाकले आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग."

मोजणी फिसकटली. मुलगी पोट धरून खाली बसली. भावजींना पोह्यांची बशी देऊन बाहेर बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं.

मग सिनेमा लावला. आवाज पूर्वीच्या निम्मा होता, मला तर कमीच वाटत होता. मी यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवतंय कुठं? मध्यंतराच्या आसपास हिरोचा मित्र शपथा घ्यायला लागला आणि हे खुर्चीत पुढं सरकले. "ह्याच्यावर विश्वास ठेवू नको रं, गाढवा." मुलगी चटकन म्हणाली, "का पप्पा? चांगला हाय की तो." झालं, दोघांचं जुंपलं. मी पदर डोळ्याला लावला आणि कांदा चिरायचाय म्हणून स्वयंपाकघरात गेले. कांदा काही चिरायचा नव्हता.

सिनेमा संपल्यावर भावजी घरी गेले. दुकानदारानं एक वायरलेस माईकही भेट दिला होता. आमच्याकडं गाणी म्हणायला तो सगळ्यांनाच हवा असतो. मुलीनं तो रिसीव्हरला जोडला, आवाज मधल्या स्पीकरवर घेतला आणि माझ्या हातात दिला. "म्हण काहीतरी." गाणं सुचेना. हे तिकडं तोंड करून खुर्चीत बसले होते, मी यांच्या मागं होते. मी रोज जे विचारते तेच विचारलं, फक्त ओरडायची गरज नव्हती म्हणून हळू.

"चहा ठेवू का?"

"ठेव की," हे म्हणाले. आणि मग थांबले. आधी स्पीकरकडं बघितलं, मग वळून माझ्याकडं.

"तू बोललीस?"

"मीच."

"तुझा आवाज असा हाय व्हय अजून?"

मुलगी वायर गुंडाळता गुंडाळता थांबली.

"मला तर वाटायचं," हे म्हणाले, "तू सारखी माझ्यावर चिडलेलीच असतीस. बघावं तवा तोंड वाकडं करून वरडाय लागलेली. म्हणून मी आपला बाहेर जाऊन बसायचो."

माईक माझ्या हातातच होता. मी तो तोंडाजवळ धरला आणि जितकं हळू बोलता येईल तितकं हळू म्हटलं, "चिडलेली न्हाई हो."

तेही त्यांना ऐकू आलं.